किडनीच्या फोनची वाट पाहताना

मृत दात्याची किडनी मिळण्यासाठीच्या प्रतीक्षा यादीत नाव लागलं की सुरुवातीला कुणाचाही फोन वाजला तरी छातीत धस्स होतं. हा भार एकट्याने वाहू नका. रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकाकडे घरच्या आणखी दोघांचे नंबर द्या, फाइल-औषधं-चार्जरची पिशवी दाराशी ठेवा.

फोन आला म्हणजे किडनी मिळालीच असं नाही. एकीसाठी अनेकदा दोन-तीन जणांना बोलावतात. क्रॉसमॅच (दात्याशी तुमचं रक्त जुळतं का ही तपासणी) जुळला नाही किंवा ताप निघाला की घरी परत. सगळ्यात जड दिवस हाच. म्हणून निघताना गावभर फोन करू नका, नाहीतर आठवडाभर "झालं का?"ला उत्तरं देत बसाल. नाव यादीत चालू आहे ना, तेवढं समन्वयकाला विचारा.

"कुणाच्या तरी मरणाची वाट बघतोय" हे अनेकांना टोचतं. पण दात्याचा मेंदूमृत्यू (मेंदूचं काम कायमचं थांबणं) ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळात प्रत्यारोपण करणारे डॉक्टर नसतात, आणि तपासण्या किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा होतात. तुमच्या वाट बघण्याने कुणी जात नाही.

दोन आठवडे झोप नाही, डायलिसिस चुकवावंसं वाटतंय? नेफ्रॉलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरांना) स्पष्ट सांगा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. झोपेची गोळी मात्र स्वतःच्या मनाने नको. बिघडलेल्या किडनीत काही औषधं साचून राहतात.