घळीच्या सहलीचे वेळापत्रक उलटे मांडा
डोंगरातील नदीच्या खोल घळीत सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी अंधारून येते आणि मग परतीचा घाट काळोखात उतरावा लागतो. म्हणून सूर्यास्ताच्या 2 तास आधी गाडी परतीला लागलीच पाहिजे, हे कागदावर प्रथम लिहून त्यातून पायी फिरण्याचा, जेवणाचा आणि जाण्याच्या प्रवासाचा वेळ वजा करत गेल्यास घरून निघण्याची खरी वेळ हाती येते. ती बहुधा नकोशी वाटण्याइतकी पहाटेची निघते. कड्यांआड रेंज जात असल्याने नकाशा आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून ठेवावा.

डोक्यावर ऊन असले तरी पाणी अचानक गढूळ झाले किंवा काटक्या वाहून येऊ लागल्या, तर वर कुठेतरी पाऊस झाला असे समजून सामान तिथेच टाकून उंचावर जावे.