धार आली, पण कटर कापेना

रत्नागिरीत घरामागच्या पडवीत मिलिंग मशीन बसवलं त्याला आता सहा वर्षं झाली. काम बहुतेक बंदरावरचं: ट्रॉलरच्या शाफ्टला कीवे (चावी बसवायची खाच) मारायचा, कपलिंग करायचं, पंपाचा एखादा पार्ट. एंड मिल, म्हणजे तोंडाला आणि बाजूला दात असलेले कटर, कोल्हापूरहून किंवा मुंबईला नागदेवी स्ट्रीटवरून आणायच्या, बोथट झाल्या की डब्यात टाकायच्या. धार लावायला पाठवायच्या तर आंबा घाटापलीकडे जायच्या आणि परत यायला आठ दिवस लागायचे. तोवर बोट किनाऱ्याला लागलेली आणि मालक दारात. म्हणून स्वतः धार लावायला शिकलो. त्यातलं पहिलं वर्ष एका चुकीने खाल्लं. तीच चूक नीट सांगायची म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. घरी फक्त कटरच्या तोंडाच्या दातांना धार लावा, बाजूच्या फ्लूटला, म्हणजे बाजूने वर गेलेल्या दातांना, हात लावू नका. फ्लूट पिळाचा असतो, त्याला दाताखाली टेकू देऊन सरकवावं लागतं. ते जमलं तरी व्यास उतरतो. १२ मिमीचा कटर ११.८ झाला की एका फेरीत १२ चा कीवे निघणार नाही. घाबरू नका, आपल्या कामात झीज होते ती मुख्यतः तोंडाला आणि कोपऱ्यांना. कोपरा दोन-तीन मिलिमीटर वरपर्यंत गेला असेल तर तेवढा तुकडा कट-ऑफ व्हीलने सरळ उडवा, दातांमधल्या खाचा पुन्हा पाडा आणि नवं तोंड करा. कटर आखूड होतो, व्यास तोच राहतो.

दुसरं, सुरुवात हायस्पीडच्या (हायस्पीड स्टीलच्या) कटरनेच करा. त्याला पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं व्हील चालतं. कार्बाइडच्या, म्हणजे त्याहून कडक जातीच्या कटरला हिरवं किंवा डायमंड व्हील लागतं आणि त्याच्या धुळीत कोबाल्ट असतो, तो फुप्फुसाला वाईट. ज्या पडवीत मुलं अभ्यासाला बसतात तिथे मी कार्बाइड घासत नाही, तुम्हीही घासू नका. आणि डायमंड व्हील आहे म्हणून त्यावर हायस्पीड घासू नका. पोलादावर हिरा गरम होऊन लवकर झिजतो, महागाचं व्हील वाया जातं.

माझं सामान एवढंच: बेंच ग्राइंडर, त्यावर त्याच्या आरपीएमला चालणारं कप व्हील (वाटीसारखं, कडेने घासणारं), कटर कोलेटमध्ये आवळून धरणारा ईआर-३२ मापाचा चौकोनी ब्लॉक, झुकवता येणारं लोखंडी टेबल आणि एक गाइडपट्टी. साध्या सपाट व्हीलच्या बाजूवर दाब देऊन घासायचं नाही, व्हील फुटू शकतं. नवं व्हील बसवण्याआधी लाकडी मुठीने हलकं ठोकून बघा, खणखणीत वाजलं पाहिजे. बद्द वाजलं तर टाकून द्या, त्यात पैशाचा विचार करू नका.

चौकोनी ब्लॉकला चार बाजू, म्हणून चार दातांचा कटर आपोआप ९० अंशांवर फिरतो. दोन दातांसाठी समोरासमोरच्या बाजू घ्यायच्या, तीनसाठी षटकोनी ब्लॉक. टेबल ७ अंश झुकवलं की रिलीफ मिळतो, म्हणजे धारेमागची बाजू (टाच) खाली उतरते आणि कामाला घासत नाही: १०० मिमीवर १२.२ मिमीचं पॅकिंग. गाइडपट्टी २ अंश वळवली की डिश मिळते, म्हणजे तोंड मध्ये किंचित खोलगट होतं आणि फक्त कोपरे पुढे राहतात: १०० मिमीवर ३.५ मिमी. व्हीलची कड मध्यापर्यंतच न्यायची, पुढे गेली तर समोरच्या दाताला लागते.

इथवर मी सगळं बरोबर केलं होतं. धार नखावर अडकत होती. टाचेला मार्कर लावून घासून बघितलं, रिलीफ दिसत होता. तरी स्टेनलेसच्या शाफ्टवर कटर टेकवला की किंचाळायचा, कीवेचा तळ चकचकीत घासलेला निघायचा आणि दुसऱ्या फेरीत धार गेलेली असायची. स्टेनलेस असं घासलं गेलं की वरचा थर कडक होतो, मग त्यावर चांगला कटरही टिकत नाही. मी व्हील बदललं, ड्रेसिंग केलं (व्हीलचा वरचा थर खरवडून ताजा केला), स्पीड कमी केला. अनेक कटर असे आखूड करून टाकले.

कोल्हापूरला उद्यमनगरात एका जुन्या मेस्त्रींना ते दाखवले. त्यांनी भिंग मागितलं नाही. एक कटर उचलला, काउंटरच्या काचेवर तोंडावर उभा केला आणि खाली वाकून काचेखालून बघितलं.
“ह्याच्या पोटात उजेड दिसतोय का तुला?”
“नाही दिसत.”
“मग कापणार कसा? सगळं तोंड टेकतंय.”

डिश नव्हतीच. गाइडपट्टी तर २ अंशांवर होती, मी पुन्हा पुन्हा मोजली होती. घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा कुठे समजलं. ते ७ आणि २ अंश ब्लॉकशी मोजलेले असतात, कटरच्या धारेशी नाही. ब्लॉकमध्ये धार टेबलाला समांतर बसली असेल तरच ७ चे ७ रिलीफला आणि २ चे २ डिशला जातात. कटर कोलेटमध्ये थोडा जरी फिरला, तर ७ मधला हिस्सा डिशमध्ये शिरतो. १५ अंश फिरला असेल तर ७ गुणिले साइन १५, म्हणजे १.८. दोनातून १.८ गेले, डिश संपली. रिलीफ मात्र सव्वासातच्या आसपास राहतो, म्हणून मार्करची परीक्षा पास होते आणि आपण दुसरीकडेच शोधत बसतो. उलट दिशेला फिरला तर डिश पावणेचार अंशांची होते, कोपरे नाजूक होतात आणि पहिल्या कापातच टवका उडतो.

कटर फिरतो दोन कारणांनी. कोलेटचा नट आवळताना तो सोबत वळतो. आणि आपण समोरासमोरच्या दातांची रेघ डोळ्याने आडवी करतो, पण धार बहुतेक वेळा मध्यबिंदूतून जातच नाही, जरा पुढे किंवा मागे असते. रेघ आडवी दिसली तरी धार तिरकी असू शकते.

म्हणून असं करा. ब्लॉक जाड सपाट काचेवर ठेवा. लिव्हर डायलचं (शतांश मिमीचा फरक दाखवणाऱ्या मापकाचं) टोक धारेच्या बाहेरच्या टोकाला टेकवा, मग आतल्या टोकाला न्या. दोन्हीकडे वाचन सारखं यायला हवं. ५ मिमीच्या धारेवर १ अंश म्हणजे ०.०९ मिमी, डायलची नऊ घरं, सहज दिसतात. नट पूर्ण आवळल्यावर पुन्हा बघा. मी आवळण्याआधी बघायचो आणि नंतर विश्वास ठेवायचो. हा दुसऱ्यांदा बघण्याचा अर्धा मिनिट कधीही वाचवू नका. घासून झालं की चारही दात डायलखाली ०.०२ मिमीच्या आत आले पाहिजेत, त्यासाठी शेवटची फेरी पुढे न सरकवता चारही दातांना एकेकदा द्या. मग काच आणि उजेड.

हातात धरून धार लावणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल आदर आहे. ड्रिलला ते ठीक आहे. चार दातांच्या कटरला ते शिकू नका, एक दात उंच राहिला तर तो एकटाच सगळं कापतो. आणि “हाताला आपोआप कळतं” म्हणणाऱ्या गुरूपेक्षा स्वतःचा कटर तुमच्या डायलखाली ठेवू देणारा गुरू शोधा. त्या मेस्त्रींनी मला पाच मिनिटं दिली असतील. त्याआधी शिकायला गेलो त्या दोन ठिकाणी मी आठवडे घालवले होते, तिथे कोणी काच दाखवली नव्हती.

एका वेळी ०.०२ ते ०.०३ मिमीच घ्या. थोडा निळा रंग आला तर घाबरू नका, हायस्पीड ५५० अंशांच्या आसपासपर्यंत कडकपणा सोडत नाही. पण तापलेला कटर पाण्यात बुडवू नका, केसासारख्या भेगा पडतात आणि त्या कामाच्या वेळी उघडतात. आपल्याकडच्या हवेत मीठ आहे. पावसाळ्यात संध्याकाळी लावलेली धार तेल न लावता ठेवली तर सकाळी कडेवर तांबूस रेघ असते. ग्राइंडरवरून उतरवला की लगेच तेलाचा बोळा फिरवा, वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो.

सुरुवातीला डब्यातला सगळ्यात मोठा, अगदी गेलेला कटर घ्या. १६ किंवा २० मिमीचा, चार दातांचा. धार लांब असते, चूक डोळ्याला दिसते आणि बिघडला तरी तो आधीच भंगारात होता.