दोघांनी लेक डिस्ट्रिक्ट: भाड्याची गाडी, अरुंद रस्ते आणि एक डोंगर

इंग्लंडला जायचं ठरलं की यादी लांबतच जाते: लंडन, बाथ, यॉर्क, जमलं तर स्कॉटलंडही. गाडीने फिरून डोंगर चढायचे असतील तर ती यादी आधी फाडा. हातात आठवडा असेल तर एकच भाग आणि एकच मुक्काम धरा. आम्ही दोघांनी लेक डिस्ट्रिक्ट, म्हणजे इंग्लंडच्या वायव्येचा डोंगर-तळ्यांचा भाग, निवडलं आणि केझिक नावाच्या गावात सहा रात्री राहिलो.

१. महिना निवडा

मे, जून किंवा सप्टेंबर. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर तिथल्या शाळांना सुट्टी असते, मग पायथ्याची पार्किंगं सकाळीच भरतात. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो. राहायला स्वयंपाकघर असलेलं कॉटेज बघा. का, ते पुढे येईल.

२. गाडी ठरवा

पर्यटकाला भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. तरी काही भाडे कंपन्या आंतरराष्ट्रीय परवाना मागतात, तो निघण्यापूर्वी आरटीओतून काढून ठेवा. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं, अनामत त्यावर अडकवून ठेवतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच सांगा. आणि गाडी लहान घ्या. काउंटरवर 'मोठी देतो' म्हणाले तरी नको म्हणा.

मँचेस्टर विमानतळावरून एम ६ महामार्ग धरायचा, ४० नंबरच्या जंक्शनला उतरून ए ६६ ने केझिक. दोन-सव्वादोन तास. रात्रभर विमानात जागून थेट स्टिअरिंगवर बसू नका. पहिली रात्र विमानतळाजवळ झोपा.

३. पार्किंगमध्येच दहा मिनिटं घालवा

तिथेही डावीकडूनच चालवतात, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला असते, आमच्या घरच्या गाडीत ती उजवीकडे. पहिल्या तीन राउंडअबाउटना, म्हणजे गोल चौकांना, आम्ही लख्ख उन्हात वायपर फिरवत शिरलो. 'अरे, वायपर!' हे मी दिवसभर म्हणत होते.

राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. नाक घुसवायचं नाही. वेग मैलांत: वस्तीत सहसा ३०, साध्या दुपदरी रस्त्यावर ६०, मोटरवेवर ७०. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी पट्टी दिसली की तिथे राष्ट्रीय मर्यादा लागू. साठची मुभा आहे म्हणून साठने जायचं नसतं. दगडी भिंतींमधल्या वळणांवर आम्ही वीस-पंचवीसच्या वर गेलोच नाही.

आणखी एक. समोरच्याने हेडलाइट लुकलुकवला तर आपल्याकडे त्याचा अर्थ 'थांब, मी येतोय'. तिथे बहुतेकदा 'या, तुम्ही आधी'. तरी तो खरंच थांबलाय हे बघूनच पुढे व्हा.

४. मागे घ्यायची लाज सोडा

खेड्यातले रस्ते एका गाडीपुरते. दोन्ही बाजूंना दगडी भिंत किंवा झुडपांचं कुंपण, मधे मधे बाजू द्यायला रुंद केलेली जागा. ती डावीकडे असेल तर आत शिरा. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा, समोरचा तीत शिरेल. ती जागा ज्याला जवळ, त्याने मागे यायचं. मग एक हात वर करून आभार. हॉर्न नाही.

आमच्यापुढे एकदा ट्रॅक्टर आला. 'मागे घे', मी. 'तो घेईल की', हा. ट्रॅक्टरवाल्याने शांतपणे इंजिन बंद केलं. मग घेतली मागे.

हार्डनॉट घाटाच्या नादी भाड्याच्या गाडीने लागू नका. चढ जवळपास एकास तीन. वरंध उतरलेल्यांनाही मी हेच सांगेन.

५. पहिला डोंगर छोटा घ्या

तिथल्या डोंगराला 'फेल' म्हणतात. सुरुवातीला कॅटबेल्स चांगला: उंची ४५१ मीटर, चढ सिंहगडापेक्षा कमी. केझिकच्या धक्क्यावरून तळ्यातल्या लाँचने हॉज एंडला उतरा, माथा गाठा, दक्षिणेकडे खिंडीत उतरून ब्रँडलहाऊच्या धक्क्यावर परतीची लाँच पकडा. गाडी लावायची कटकटच नाही. शेवटची लाँच कितीची, ते मात्र निघण्याआधी बघा.

वेळेचा हिशेब तिथले गिर्यारोहक असा करतात: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. या फेरीला त्या हिशेबाने पावणेदोन तास होतात. आम्हाला चहा-फोटोंसकट साडेतीन लागले. माथ्याखाली थोडा कातळ आहे, हात टेकावे लागतात. हजारो बुटांनी तो गुळगुळीत झालाय आणि ओला असला की सटकतो.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा नारिंगी कव्हरचा १:२५,००० नकाशा घ्या, केझिकसाठी ओएल ४ क्रमांकाचा. त्यातल्या हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक पायवाटा. त्या थेट शेतातून, कधी कोणाच्या अंगणातूनही जातात. बिचकू नका, तो चालणाऱ्याचा हक्क आहे. फाटक उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद ठेवा. मेंढ्या असतात.

६. पाऊस गृहीत धरा

जवळच्या सीथवेटला वर्षाला सुमारे ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, इंग्लंडमधल्या वस्तीच्या जागांत सर्वांत जास्त. आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही, वर्षभर पसरतो. छत्री वाऱ्यात उलटते. जाकीट, वरून घालायची पावसाळी पँट, सुती नसलेले कपडे आणि घोट्यापर्यंतचे बूट हवेत. जीन्स खोलीवर ठेवा. वाटेत खायला केंडल मिंट केक: नाव केक, प्रत्यक्षात पुदिन्याची साखरवडी. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही ती नेली होती. आम्हाला मात्र चिक्कीच बरी वाटली.

अडकलात तर ९९९ लावून आधी पोलीस, मग माउंटन रेस्क्यू मागा. स्वयंसेवक येतात, पैसे घेत नाहीत. फोन लागला नाही तर मिनिटात सहा शिट्ट्या, मिनिटभर थांबून पुन्हा सहा.

७. जेवण उजेडावर सोडू नका

आम्ही नऊ वाजून दहा मिनिटांनी पबमध्ये पोचलो. बाहेर लख्ख उजेड, आत गर्दी, आणि स्वयंपाकघर बंद. रविवारी मोठी दुकानंही सहाच तास उघडी असतात, म्हणून किराणा शनिवारीच भरा. आमच्या बॅगेत रवा होता. पावणेदहाला कॉटेजच्या पायरीवर बसून उपमा खाल्ला, तेव्हाही समोरच्या भिंतीपलीकडच्या मेंढ्या स्पष्ट दिसत होत्या.