अमेरिकेत जुनी मोठी सेडान घेताय? या चुका टाळा

दरवर्षी एप्रिल उजाडला की माझ्या फोनवर रात्री अकराच्या पुढे मेसेज यायला लागतात, "दादा, ही गाडी कशी वाटते?" आणि खाली फोटो. मी मिशिगनमध्ये राहतो, इथे दर वर्षी पुण्या-नाशिकची, नागपूरची नवीन पोरं येतात, पहिला हिवाळा बसची वाट बघत काढतात आणि बर्फ वितळला की गाडी शोधायला लागतात. यावेळचा फोटो होता सोनेरी रंगाच्या ब्यूक लेसाबरचा, २००४ चं मॉडेल, ७१ हजार मैल, "एकाच म्हाताऱ्या मालकाची" असं खाली लिहिलेलं.

अशी गाडी घ्यायचा विचार चुकीचा अजिबात नाही. सगळ्यांना एसयूव्ही पाहिजे म्हणून या लांबलचक सेडान त्याच वयाच्या होंडा-टोयोटापेक्षा बऱ्याच स्वस्तात मिळतात, पार्ट्स स्वस्त आणि कुठेही मिळतात, आत पाच माणसं आणि डिकीत एअरपोर्टच्या चार मोठ्या बॅगा आरामात बसतात. नव्यात आता त्या जवळजवळ राहिल्याच नाहीत. फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया २०११ ला बंद झाली, फोर्डचीच टॉरस २०१९ ला, शेवरलेची इम्पाला २०२० ला, आणि जुन्या धाटणीच्या डॉज चार्जर आणि क्रायस्लर ३०० डिसेंबर २०२३ ला. म्हणजे घ्यायची तर जुनीच, आणि जुनी घेताना मॉडेलचं नाव बघून पैसे दिले की माणूस फसतो, कारण आपण मॉडेल विकत घेत नसतो, ती समोर उभी असलेली एकच गाडी घेत असतो.

खालून न बघणं

ही चूक मी स्वतः केलीये, म्हणून आधी हीच सांगतो. माझी पहिली गाडी २००३ ची मर्क्युरी (फोर्डचाच ब्रँड) ग्रँड मार्की, एका छोट्या डीलरकडून ४,२०० डॉलरला घेतली. रंग चकाचक, सीट सोफ्यासारखी, इंजिनाचा आवाज येतोय की नाही असं वाटावं इतकं शांत. मी वाकून खाली बघितलं तर सगळं काळंभोर, स्वच्छ. मला वाटलं वा, गंज नाही. ते ताजं काळं अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला मारायचा लेप होता, विकायच्या आधी मारलेला, हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. फेब्रुवारीत किराणा घेऊन निघालो, बायको आणि मुलगी गाडीत, पार्किंगच्या तोंडाशी ब्रेक दाबला तर पेडल जवळजवळ तळाला गेलं. पुढच्या चाकांचं सर्किट वेगळं असतं म्हणून थोडा तरी ब्रेक लागला आणि गाडी बर्फाच्या ढिगाला टेकून थांबली. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी गंजून फुटली होती. मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली, स्क्रूड्रायव्हरचं टोक चॅसीवर नुसतं टेकवून ओढलं आणि तो काळा थर पापुद्र्यासारखा सुटला, त्याच्या मागे तांबडा भुगा खाली पडला. सगळ्या नळ्या तांबे-निकेलच्या टाकून घेतल्या, ८४० डॉलर.

मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्कचा वरचा भाग, जिथे रस्त्यावर मीठ टाकतात तिथे गाडी वरून नाही, खालून मरते. त्यातून मिशिगनमध्ये गाडीची वार्षिक तपासणीच नाही, त्यामुळे गंजलेली गाडी कोणी अडवत पण नाही. तर फोनचा टॉर्च घ्या, अंगाखाली पुठ्ठा टाका आणि खरंच आडवे होऊन बघा: ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या, मागच्या चाकाच्या आतल्या बाजूची चॅसी, दाराखालची लांब पट्टी म्हणजे रॉकर पॅनल. रॉकर अंगठ्याने दाबून बघा, बिस्किटासारखा करकर वाजला तर निघा तिथून. आणि वीस वर्षांची गाडी खालून नव्यासारखी काळी दिसली तर खूश होऊ नका, विचारा की हे कधी मारलं आणि का मारलं.

"हे इंजिन मरतच नाही" यावर विसंबणं

लेसाबरमधलं जीएमचं (ब्यूकची मूळ कंपनी जनरल मोटर्स) ३८०० व्ही६ खरंच दणकट आहे, दोन लाख मैल गेलेली मी पाहिलीत. पण इंजिन लोखंडाचं आणि त्याच्या भोवतीच्या वस्तू प्लास्टिकच्या. या इंजिनाच्या सिरीज २ आवृत्तीत वरचं इनटेक (इंजिनाला हवा पुरवणारा भाग) प्लास्टिकचं आहे, त्यातून ईजीआरची, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात नेणारी गरम नळी जाते, तिच्या भोवतीचं प्लास्टिक वर्षानुवर्षं भाजून भाजून खराब होतं आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत झिरपायला लागतं, जास्त गेलं तर सिलिंडरमध्ये पाणी भरून इंजिन जाम. शिवाय बेल्ट टेन्शनरपाशी दोन छोटे प्लास्टिकचे कूलंट एल्बो, म्हणजे वाकड्या नळ्या आहेत, काही डॉलरची वस्तू, पण त्या फुटल्या तर हायवेवर कूलंट सगळं खाली.

फोर्डच्या ४.६ व्ही८ ची पण तीच गोष्ट. साधारण १९९६ ते २००१ च्या क्राउन व्हिक्टोरिया, ग्रँड मार्की, लिंकन टाउन कारमध्ये पूर्ण प्लास्टिकचं इनटेक मॅनिफोल्ड बऱ्याच वर्षी लावलेलं होतं, ते पुढच्या बाजूला अल्टरनेटरपाशी तडकतं. नंतरच्यात तो पुढचा भाग ॲल्युमिनियमचा केला. म्हणून तिथे वाकून बघा, पांढरट-चांदीचा धातू दिसला तर मॅनिफोल्ड बदललेलं आहे किंवा नंतरचं आहे, सगळं काळं प्लास्टिकच दिसलं तर तो खर्च किमतीतून आधीच कमी करून मागा.

काही इंजिनं मात्र मी कुणाला घेऊ देत नाही. क्रायस्लरचं २.७ व्ही६, डॉज इन्ट्रेपिडमध्ये होतं आणि नंतर २००५ ते २०१० च्या साध्या ३०० आणि २००६ ते २०१० च्या साध्या चार्जरमध्ये पण आलं, त्यात ऑइलचा गाळ होतो आणि वॉटर पंप आत टायमिंग चेनवर चालतो, गळला की कूलंट थेट ऑइलमध्ये. दुसरं कॅडिलॅकचं नॉर्थस्टार व्ही८, विशेषतः नव्वदच्या दशकातलं, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधून हेडच्या बोल्टचे आटेच निघून येतात आणि दुरुस्ती गाडीच्या किमतीपेक्षा महाग. कॅडिलॅकची डविल (DeVille) दोन-अडीच हजारात मिळतेय म्हणून पोरांचे डोळे चमकतात, पण ती त्या किमतीत का आहे ते समजून घ्या. २०१० नंतरच्या टॉरसमधलं ३.५ व्ही६ चांगलं चालतं, वॉटर पंप मात्र तिथेही आतच आहे, म्हणून ऑइलची डिपस्टिक बघताना रंग दुधाळ तर नाही ना हे बघाच. चार्जर किंवा ३०० मधलं ५.७ हेमी व्ही८ घेत असाल तर सकाळी टिकटिक ऐका: गरम झाल्यावर थांबली तर बहुतेक एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटलाय, थांबलीच नाही तर लिफ्टर (इंजिनाच्या आतले व्हॉल्व्ह उचलणारा भाग) खराब असू शकतो आणि तो मोठा खर्च.

गरम गाडी बघणं

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. पोचलात की पहिलं काम, बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर शांतपणे म्हणा की मी दोन-तीन तासांनी परत येतो. थंड इंजिनच खरं बोलतं, चेन खडखडते, धूर येतो, गिअर उशिरा पडतो, हे सगळं पहिल्या दोन मिनिटांत कळतं आणि गाडी एकदा गरम झाली की लपतं. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट बघा (गरम असताना चुकूनही उघडू नका, तोंड भाजेल), तपकिरी चिखल दिसला तर गाडीची निगा राखलेली नाही.

आणि वीस-पंचवीस डॉलरचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र विकत घ्या, इथल्या १९९६ पासूनच्या सगळ्या गाड्यांना लागतो. चेक इंजिनचा दिवा बंद आहे एवढ्यावर समाधान मानू नका, कारण कोड पुसून दिवा बंद करायला अर्धा मिनिट लागतो. स्कॅनरमध्ये रेडिनेस मॉनिटर नावाचा भाग असतो तो उघडा, गाडीने स्वतःच्या कुठल्या तपासण्या पूर्ण केल्यात ते त्यात दिसतं. कॅटॅलिस्ट (धूर साफ करणारा भाग) आणि इव्हॅप (पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा) दोन्ही "रेडी नाही" असं दाखवत असेल तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी नुकतीच काढली होती. विकणारा म्हणेल बॅटरी नवीन टाकली, टाकली पण असेल, पण मग चार दिवस गाडी चालवू दे आणि पुन्हा बघू असं म्हणा. प्रामाणिक माणूस सहसा तयार होतो.

पोलिसांची गाडी भारी म्हणून घेणं

क्राउन व्हिक्टोरिया पोलीस इंटरसेप्टरचे मोठे कूलर, मजबूत सस्पेन्शन हे सगळं खरं आहे, पण ती गाडी तासन्‌तास एका जागी इंजिन चालू ठेवून उभी असते आणि ते मैलांत दिसत नाही. फोर्डच्याच हिशोबात एक तास उभं राहून चालणं म्हणजे साधारण ३३ मैल. नंतरच्या इंटरसेप्टरमध्ये तासांचा मीटर असतो, मालकाला दाखवायला सांगा: ओडोमीटर ९० हजार आणि उभे तास ४ हजार असतील तर इंजिन सव्वादोन लाखांच्या घरात गेलंय असं समजा. "ही साधी सिव्हिलियन आहे" असं सांगत असेल तर खिडकीपाशी स्पॉटलाइटचं बुजवलेलं भोक, छपरावर अँटेनाची भोकं, गालिच्याऐवजी रबरी फ्लोअर बघा, आणि मागच्या सीटवर बसून आतून दार उघडून बघा. उघडलं नाही तर कळलंच.

मैल आणि कागद

फेडरल नियमाप्रमाणे २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलला विकताना ओडोमीटरचा आकडा लिहून द्यावाच लागत नाही, टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) "एक्झेम्प्ट", म्हणजे सूट, असं येतं. २०११ पासूनच्या मॉडेलला वीस वर्षं द्यावा लागतो. म्हणजे ग्रँड मार्की, लेसाबर या वयाच्या गाड्यांत ७१ हजार हा आकडा मालकाच्या शब्दावरच आहे. सर्व्हिसच्या पावत्या मागा, ब्रेक पेडलचं रबर बघा, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. आकडा कमी आणि रबर गुळगुळीत, असं जुळत नसेल तर प्रश्न विचारा.

टायटलवर ज्याचं नाव तोच समोर उभा पाहिजे. "माझ्या मित्राची आहे, सही करून ठेवलीये" हे ऐकलं की परत फिरा, तो लायसन्स नसलेला डीलर असण्याची शक्यता जास्त. टायटलवर कर्जाचा बोजा, सॅल्व्हेज (मोठ्या नुकसानीनंतर मोडीत काढलेली), रिबिल्ट (तशीच गाडी पुन्हा उभी केलेली) असं काही आहे का वाचा. मिशिगनमध्ये असाल तर सरळ दोघं मिळून सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात (इथलं आरटीओ) जा, तिथेच पैसे द्या, तिथेच नावावर करा. पुरातली गाडी असेल, ह्यूस्टनच्या २०१७ च्या किंवा फ्लोरिडाच्या २०२२ च्या वादळानंतर अशा बऱ्याच इकडेतिकडे गेल्या, तर स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक वाळू-चिखल सापडतो आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की शेवटच्या हातभर पट्ट्यावर डाग दिसतो.

व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा चॅसी नंबर, काचेखालचा, दाराच्या स्टिकरवरचा आणि टायटलवरचा एकच पाहिजे. तो २ ने सुरू होतो म्हणून घाबरू नका, क्राउन व्हिक, चार्जर, ३०० या कॅनडात बनायच्या. तोच नंबर एनएचटीएसएच्या (रस्ते सुरक्षेचं सरकारी खातं) साइटवर फुकट टाकून रिकॉल, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने फुकट दुरुस्तीला परत बोलावलंय का, बघा, हे पाच मिनिटांचं काम लोक का करत नाहीत मला कळत नाही. २००५ ते २०१० च्या ३०० आणि २००६ ते २०१० च्या चार्जरच्या मालकांना २०२२ मध्ये टकाटा कंपनीची सदोष एअरबॅग बदलेपर्यंत गाडी चालवूच नका असं कंपनीने सांगितलं होतं, आणि बदलून फुकट मिळते. २००३ ते २००५ च्या क्राउन व्हिक-ग्रँड मार्कीचे हेडलाइट अचानक जायचे, त्याचाही रिकॉल निघाला.

डीलरकडे गाडीच्या खिडकीवर बायर्स गाइड नावाचा कागद लावलेला असतो, त्यावर "ॲज इज" (आहे तशी, वॉरंटी नाही) वर खूण असेल तर तोंडी दिलेल्या सगळ्या आश्वासनांची किंमत शून्य, पाहिजे ते त्याच कागदावर लिहून घ्या.

घेतल्यावर काही झालं तर लगेच घाबरणं

फोर्डची गाडी ४०-४५ मैलांच्या वेगाला खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते, तर गिअरबॉक्स गेला असं लगेच मानू नका, आधी ट्रान्समिशन फ्लुइड बदलून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. ग्रँड मार्की किंवा टाउन कार रात्रभर उभी राहिल्यावर मागून बसली असेल तर मागच्या हवेच्या पिशव्या गळतायत, पिशव्या बदलता येतात किंवा साध्या स्प्रिंग टाकता येतात, पण तसंच चालवत राहिलात तर कॉम्प्रेसर पण जळेल. कूलंट कमी होतंय आणि खाली थेंब दिसत नाही, हे मात्र एक दिवसही पुढे ढकलू नका.

तर ती सोनेरी लेसाबर. पोरगा सकाळी आठला गेला, इंजिन थंड होतं, मी व्हिडिओ कॉलवर. मालक खरंच एक आजोबा होते, पावत्यांची फाइल घेऊन बसलेले. रॉकर घट्ट. टायर मात्र छान दिसत असले तरी कडेवरचा आकडा ३११२, म्हणजे २०१२ च्या एकतिसाव्या आठवड्यातले, नक्षी शिल्लक पण रबर मेलेलं. कमी चाललेल्या गाडीत हे हमखास असतं. टेन्शनरखाली कूलंटचा वाळलेला पांढरट डाग होता. चार टायर आणि एल्बोचा हिशोब आजोबांना दाखवला, त्यांनी ६०० डॉलर कमी केले. शनिवारी माझ्या गॅरेजमध्ये आम्ही दोघांनी टेन्शनर काढून एल्बो बदलले. जुना एल्बो मी पकडीत धरून नुसता फिरवला, त्याचे तीन तुकडे झाले, एक पकडीत आला आणि दोन आतच राहिले, ते पोराने छोट्या चिमट्याने अर्धा तास लावून बाहेर काढले.