एका पायावरचा तोल: खेळाडूंसाठी वाय बॅलन्स चाचणी कशी घ्यावी

दोन्ही पाय जमिनीवर असले की कुठलाही खेळाडू भक्कमच दिसतो. पण धावताना, उडी मारून उतरताना, झटकन दिशा बदलताना सगळा भार एकाच पायावर येतो. घोटा मुरगळतो किंवा गुडघा दगा देतो, तो अशाच क्षणी. त्यामुळे तोल तपासायचा तर एका पायावर, आणि तोही शरीर हलत असताना तपासायला हवा. खेळाडू एका पायावर किती सेकंद स्तब्ध उभा राहतो, एवढ्याने भागत नाही.

वाय बॅलन्स चाचणी याच कामाची आहे. आठ दिशांची जुनी 'स्टार' चाचणी होती, तिच्यातल्या तीन दिशा घेऊन ही बेतलेली आहे. तिचा तयार संच मिळतो, पण चिकटपट्टी, मोजपट्टी, खडू आणि एक मदतनीस एवढ्यावरही ती नीट घेता येते.

आधी जमीन आखा. सपाट, न घसरणारी जागा बघून एक बिंदू ठरवा आणि तिथून समोर सरळ पट्टी चिकटवा. मागच्या दोन पट्ट्या तिरक्या जातात. त्या दोन्हींत काटकोन हवा आणि प्रत्येकीचा पुढच्या पट्टीशी 135 अंशांचा कोन हवा. कोनमापक नसेल तर बिंदूपासून सरळ मागे 90 सेंमी मोजा, तिथून काटकोनात उजवीकडे आणि डावीकडे 90 सेंमीवर खुणा करा आणि त्या बिंदूला जोडा. तिरकी रेघ साधारण 127 सेंमी भरली की आखणी बरोबर आली. जमिनीवर चौरस फरशा असतील तर काम आणखी सोपं, कारण फरशीचा कर्ण हीच तिरकी रेघ.

मग पायाची लांबी घ्या. खेळाडूला उताणं झोपवा, पाय सरळ. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक बोटांना स्पष्ट लागतं. तिथपासून घोट्याच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजा. ही पायरी गाळू नका. लांब पायाचा खेळाडू लांब पोहोचणारच, त्यात तोलाचं श्रेय किती हे या मापाशिवाय कळत नाही.

चाचणी सरावाआधी घ्या, दमलेल्या पायांवर नको. पाच-दहा मिनिटांचा हलका वॉर्म-अप पुरे. बूट-मोजे काढलेले बरे. दुखत असेल, सूज असेल किंवा डोक्याला नुकताच मार लागला असेल तर त्या दिवशी चाचणी घेऊच नका.

आता उजव्या पायावर उभं करा: अंगठ्याचं टोक बिंदूवर, पाऊल पुढच्या पट्टीच्या रेषेत, हात कमरेवर. डावा पाय पुढच्या पट्टीवरून जमेल तितका लांब न्यायचा, बोटाने हलकेच टेकायचं आणि परत मूळ जागी यायचं. नंतर तोच पाय मागे डावीकडे. शेवटी उजव्या पायाच्या मागून आडवा, उजवीकडच्या पट्टीवर. मग पाय बदला.

प्रत्येक दिशेला, प्रत्येक पायावर आधी चार वेळा नुसता सराव करू द्या. घाईत नेमकं हेच राहून जातं. पहिल्या काही प्रयत्नांत अंतर वाढतं ते हालचाल अंगवळणी पडल्यामुळे, आणि मग सगळी नोंदच फसवी ठरते. त्यानंतरचे तीन प्रयत्न मोजा आणि सर्वांत लांबचा धरा. टाच उचलली, हात कमरेवरून सुटला, टेकवलेल्या पायावर भार टाकला किंवा तोल जाऊन परत येता आलं नाही, तर तो प्रयत्न बाद. बोट टेकलं की भार टाकला, हे उभ्याने दिसत नाही. मदतनीसाने पट्टीशेजारी खाली बसावं आणि बोट टेकलं तिथेच खडूची खूण करावी.

हिशोब असा: तिन्ही अंतरांची बेरीज करा, तिला पायाच्या लांबीच्या तिपटीने भागा आणि 100 ने गुणा. समजा पायांची लांबी 88 सेंमी आहे. उजव्या पायावर उभं असताना 62, 96 आणि 91 सेंमी आले, तर बेरीज 249 आणि गुण 94.3 टक्के. डाव्यावर 57, 95 आणि 90, म्हणजे 91.7 टक्के. मागच्या दिशांमध्ये जेमतेम एक सेंमीचा फरक आहे, पण पुढच्या दिशेत तब्बल 5 सेंमीचा. लक्ष तिकडे जायला हवं.

अमेरिकेतल्या 235 शालेय बास्केटबॉल खेळाडूंचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या दिशेत दोन पायांमध्ये 4 सेंमीपेक्षा जास्त फरक असलेल्यांना पायाची दुखापत होण्याची शक्यता अडीच पट आढळली. मुलींमध्ये एकूण गुण 94 टक्क्यांच्या खाली असतील तर ती साडेसहा पट होती. पण हे आकडे त्या खेळाचे आणि त्या वयाचे. पुढच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. म्हणून एवढ्या आकड्यावरून कुणाला संघाबाहेर बसवू नये, असं मी ठामपणे सांगेन. आधी झालेली दुखापत, सरावाचा ताण आणि झोप हेही विचारा.

पुढची दिशा कमी पडली तर उभ्या पायाचा घोटा पुरेसा वाकतो का ते पाहा. पोटरी आखडलेली असते किंवा जुना मुरगळा पूर्ण बरा झालेला नसतो. मागच्या दिशा कमी पडल्या तर खुब्याभोवतालचे स्नायू तपासा. आणि पूर्ण वेळ उभ्या पायाच्या गुडघ्यावर नजर ठेवा. अंतर चांगलं आलं तरी गुडघा आत कोसळत असेल तर ते लिहून ठेवा. मोठा फरक किंवा दुखणं आढळलं तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

सहा ते आठ आठवड्यांच्या व्यायामानंतर पुन्हा मोजा, तेव्हा जागा, वेळ आणि मोजणारा माणूस तोच असू द्या. वहीत आकड्यांशेजारी 'डावा गुडघा आत जातो' एवढी ओळ असली, तर दुसऱ्या वेळी सगळ्यात आधी तीच वाचा.