जुन्या सोल रेकॉर्ड्स कशा जमवायच्या आणि त्यांच्यामागची माणसं कशी शोधायची

मी कोलंबसला, म्हणजे ओहायोतल्या कोलंबसला, राहायला आले तेव्हा मला सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं हे संगीत, म्हटलं की अरेथा फ्रँकलिन, ओटिस रेडिंग आणि डेट्रॉइटची मोटाऊन कंपनी एवढंच ठाऊक होतं. मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीने पेनी अँड द क्वार्टर्सचं गाणं ऐकवलं आणि मी जी अडकले ती अडकलेच. हे गाणं त्या काळी बाजारात आलंच नव्हतं, १९७० च्या आसपास याच गावात प्रिक्स नावाच्या छोट्या लेबलसाठी, म्हणजे रेकॉर्ड कंपनीसाठी, केलेली ती एक डेमो टेप, गिटार आणि आवाज, बस. लेबलमधले क्लेम प्राइस वारले, घरातलं सामान इस्टेट सेलला निघालं, त्यातल्या टेप्स शिकागोच्या न्यूमेरो ग्रुप या कंपनीकडे पोचल्या आणि २००७ साली गाणं पहिल्यांदा लोकांसमोर आलं. २०१० मध्ये ते 'ब्लू व्हॅलेंटाइन' या पिक्चरमध्ये वाजलं, जगभर लोक त्याच्या प्रेमात पडले, आणि तरी पेनी कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. नंतर कळलं की पेनी म्हणजे नॅनी शार्प आणि क्वार्टर्स म्हणजे तिचे भाऊ. आणि ज्याने गाणं लिहिलं तो जे रॉबिन्सन पिक्चर यायच्या आधीच, २००९ मध्ये, गेला होता.

तेव्हा मला कळलं की रेकॉर्ड सापडणं वेगळं आणि माणूस सापडणं वेगळं, आणि दुसरं काम जास्त घाईचं आहे, कारण त्या काळात विशीत असलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून खाली जे लिहितेय त्यात रेकॉर्ड विकत घेण्याबद्दल थोडं आणि शोधाशोधीबद्दल जास्त आहे.

आधी एक गाव पकडा

सोल संगीत म्हणजे समुद्र आहे. १९६० ते १९७५ च्या दरम्यान अमेरिकेत गावोगावी छोटी छोटी लेबलं होती, कुणी न्हाव्याच्या दुकानातून चालवायचं, कुणी रेडिओवर काम करता करता. सगळं जमवायला गेलात तर काहीच धड होणार नाही, म्हणून एक गाव किंवा एक लेबल पकडा. डेट्रॉइट पकडायचं तर मोटाऊन सोडून गोल्डन वर्ल्ड आणि रिक-टिक बघा, शिकागोचं वन-डर-फुल बघा, आमच्या कोलंबसचं कॅपसोल बघा, जे बिल मॉस नावाच्या रेडिओ डीजेने काढलं होतं आणि तो माणूस पुढे इथल्या स्कूल बोर्डावर निवडून आला. एका गावात राहिलात की तेच वादक, तेच स्टुडिओ, तीच गीतकारांची नावं परत परत भेटायला लागतात आणि मग चेहरे जुळतात.

महागड्या रेकॉर्ड्सच्या मागे सुरुवातीला लागू नका. सगळ्यांना फ्रँक विल्सनची गोष्ट माहीत असते, मोटाऊनच्या सोल या लेबलवर १९६५ साली त्याची एक फोर्टीफाइव्ह (मिनिटाला ४५ फेरे घेणारी, सात इंची छोटी रेकॉर्ड) निघायची होती, ती रद्द झाली, डेमो कॉप्या नष्ट केल्या आणि ज्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या त्यातली एक २००९ मध्ये २५ हजार पौंडांच्या वर गेली. पण त्यातली मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. इंग्लंडच्या उत्तरेला १९७० च्या दशकात रात्रभर सोलवर नाचायचे कार्यक्रम व्हायचे, विगन कसिनो तर १९७३ ते १९८१ चालला, आणि तिथले डीजे दुर्मिळ रेकॉर्डच्या लेबलवर, म्हणजे मधल्या गोल छापील कागदावर, दुसरा कागद चिकटवून खोटं नाव सांगायचे म्हणजे दुसऱ्या डीजेला ती मिळू नये. फ्रँक विल्सनचं हे गाणं तिथे आधी एडी फॉस्टर या नावाने वाजलं! म्हणजे लोक ज्या गाण्यावर जीव टाकून नाचत होते त्याच्या गायकाचं खरं नावच त्यांना माहीत नव्हतं. असं बऱ्याच गाण्यांचं झालंय, त्यामुळे त्या काळातल्या इंग्लंडच्या आठवणी वाचताना नावावर लगेच विश्वास ठेवू नका.

कुठे मिळतात

अमेरिकेत असाल तर इस्टेट सेल, गॅरेज सेल, चर्चचे जुन्या सामानाचे सेल. शहराच्या ज्या भागात जुनी कृष्णवर्णीय वस्ती होती तिथे जा, सकाळी लवकर जा आणि फोर्टीफाइव्हच्या डब्यासाठी स्वतःहून विचारा, कारण लोक मोठ्या एलपी बाहेर मांडतात आणि सात इंची रेकॉर्ड्स बुटांच्या खोक्यात तळघरातच राहतात. माझ्याकडच्या सगळ्यात चांगल्या चार रेकॉर्ड्स अशाच एका खोक्यातून आल्या, प्रत्येकी एक डॉलर. रेकॉर्ड कोणाची होती ते घरच्यांना तिथल्या तिथे विचारून घ्या, नंतर ते कधीच कळत नाही.

पुण्या-मुंबईत बसून जमवायचं असेल तर डिस्कॉग्स या रेकॉर्ड्सच्या ऑनलाइन बाजाराला पर्याय नाही, पण एकेक मागवू नका, पोस्टेज रेकॉर्डपेक्षा महाग पडतं, एकाच विक्रेत्याकडून सात-आठ एकदम घ्या आणि कस्टम्सचा खर्च धरूनच हिशेब करा.

हातात आल्यावर काय बघायचं

पहिलं म्हणजे ती व्हिनाइल आहे की स्टायरीन. अमेरिकेतल्या बऱ्याच फोर्टीफाइव्ह स्टायरीनच्या असायच्या, ते कडक आणि हलकं प्लास्टिक, नखाने टिचकी मारली की आवाज वेगळा येतो आणि लेबल बहुतेक वेळा वरून चिकटवलेलं असतं, व्हिनाइलमध्ये ते दाबतानाच बसतं. हे महत्त्वाचं अशासाठी की स्टायरीन झिजलेल्या सुईने लवकर खराब होतं, रेकॉर्ड वरून चकचकीत दिसते आणि वाजवली की नुसतं खरखर खरखर. म्हणून शक्य असेल तिथे वाजवून घ्या, नुसत्या दिसण्यावर दिलेल्या ग्रेडवर पैसे टाकू नका. धुवायला डिस्टिल्ड वॉटर आणि थेंबभर सौम्य साबण पुरे, स्टायरीनवर अल्कोहोल अजिबात नको. ठेवताना उभ्या ठेवा.

दुसरं, नकली. इंग्लंडमध्ये त्या क्रेझच्या काळात चोरून छापलेल्या कॉप्या भरपूर निघाल्या आणि त्याही आता पन्नास वर्षं जुन्या दिसतात. मी स्वतः एका विक्रेत्याकडून ओरिजिनल म्हणून घेतलेली रेकॉर्ड अशीच निघाली, लेबलवरची बारीक अक्षरं किंचित फुटलेली होती आणि गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी मोकळी जागा असते तिच्यात शिक्का असायला हवा तिथे हाताने कोरलेला नंबर होता. पैसे देण्याआधी त्या जागेचा फोटो मागवा, आणि खात्रीच्या कॉपीच्या फोटोशी ताडून बघा.

लेबल वाचायला शिका

आता खरं काम. त्या मोकळ्या जागेला डेडवॅक्स म्हणतात. भिंग घ्या, टेबललॅम्प तिरका धरा आणि तिथलं सगळं, एकूण एक खूण, वहीत उतरवा. छोटासा त्रिकोण आणि त्याच्या शेजारी नंबर असेल तर रेकॉर्ड लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यातली, आणि ते नंबर क्रमाने वाढत जायचे म्हणून त्यावरून छपाईचा काळ काढता येतो. सिनसिनाटीच्या राइट कंपनीचंही तसंच, ती कोणालाही थोड्या कॉप्या छापून द्यायची, चर्चला, शाळेच्या बँडला, हौशी सोल ग्रुपला, आणि तिच्या नंबरांवरून लोकांनी वर्षं लावून ठेवली आहेत. बेल साऊंड असा शिक्का असेल तर मास्टर, म्हणजे जिच्यावरून पुढे कॉप्या छापतात ती मूळ तबकडी, न्यूयॉर्कला कापली. म्हणजे लेबलवर साल नसलं तरी बहुतेक वेळा एक-दीड वर्षाच्या आत येता येतं.

मग लेबलवरचा मजकूर. गायकाच्या नावाला सगळ्यात कमी महत्त्व द्या, ते बऱ्याचदा स्टेजचं नाव असतं. गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरात गीतकारांची आडनावं असतात, ती बहुतेक वेळा खरी असतात कारण पैसे त्या नावावर यायचे (मिळाले किती हा वेगळा विषय आहे आणि तो ऐकला की राग येतो). त्याशेजारी पब्लिशर, बीएमआय की अॅस्कॅप ते (गीतकारांसाठी वादनाचे पैसे गोळा करणाऱ्या या दोन संस्था), अरेंजर, प्रोड्यूसर, आणि नशीब असेल तर पत्ता.

कागदपत्रांत शिरा

गीतकार आणि पब्लिशर घेऊन आधी बीएमआय आणि अॅस्कॅपच्या ऑनलाइन यादीत बघा, तिथे पूर्ण नाव मिळतं. मग लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या कॉपीराइट नोंदींचे जाडजूड खंड, ते इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत. एक गोष्ट लक्षात ठेवा, १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ध्वनिमुद्रणाला कॉपीराइटच नव्हता, गाण्याच्या शब्द-सुरांना होता, म्हणून त्याआधीची रेकॉर्ड शोधताना गायकाच्या नावाने काही सापडत नाही, गाण्याच्या आणि गीतकाराच्या नावाने सापडतं. मी सुरुवातीला दोन महिने चुकीच्या नावाने शोधत बसले होते.

रेकॉर्ड कधी आली हे बघायला बिलबोर्ड आणि कॅशबॉक्स या संगीतधंद्याच्या साप्ताहिकांचे जुने अंक चाळा, वर्ल्ड रेडिओ हिस्टरी या वेबसाइटवर स्कॅन आहेत. बिलबोर्डने नोव्हेंबर १९६३ पासून जानेवारी १९६५ पर्यंत आर अँड बीची (ऱ्हिदम अँड ब्लूज, सोलही त्यातच धरायचे) लोकप्रिय गाण्यांची वेगळी यादी छापणंच बंद केलं होतं, म्हणून १९६४ चं गाणं तिथल्या आर अँड बी यादीत नाही याचा अर्थ ते चाललं नाही असा होत नाही, त्या वर्षासाठी कॅशबॉक्स बघायचं.

त्याहून मोलाची म्हणजे कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रं. शिकागो डिफेंडर, पिट्सबर्ग कुरिअर, आमच्याकडचं कॉल अँड पोस्ट. त्यातल्या क्लबच्या छोट्या जाहिराती बघा, शाळेच्या टॅलेंट शोच्या बातम्या, लग्नं, आणि मृत्यूच्या बातम्या. इंडियानापोलिस रेकॉर्डर तर फुकट वाचता येतो, बाकीच्यांसाठी पब्लिक लायब्ररीचं कार्ड काढा, बरेचदा घरून लॉगिन मिळतं. त्याच लायब्ररीत जुन्या सिटी डिरेक्टरी असतात, नावापुढे पत्ता आणि नोकरी, आणि तेव्हा कळतं की ज्याचा आवाज ऐकून अंगावर काटा येतो तो माणूस दिवसा कारखान्यात होता. डेट्रॉइटवर काम करत असाल तर तिथल्या पब्लिक लायब्ररीतला कृष्णवर्णीय कलाकारांवरचा हॅकली संग्रह बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लेबलवरचा पत्ता घेऊन त्या जागी जाऊनही या. बहुतेक ठिकाणी आता काही नसतं, आणि का नसतं तोही त्या रेकॉर्डच्या इतिहासाचाच भाग आहे. डेट्रॉइटच्या हेस्टिंग्ज स्ट्रीटवर जो व्हॉन बॅटलचं रेकॉर्डचं दुकान होतं, दुकानाच्या मागेच रेकॉर्डिंग व्हायचं, लहानग्या अरेथाचं गाणंही त्याने छापलं. तो रस्ता फ्रीवेसाठी पाडला, दुकान बाराव्या स्ट्रीटला गेलं आणि १९६७ च्या दंगलीत तेही गेलं, टेप्ससकट. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या शोधणारे लोक वाड्यांच्या पडझडीबद्दल जे सांगतात तेच मला इथे ऐकू येतं.

माणसापर्यंत पोचणं

नाव, गाव, अंदाजे वय हातात आलं की आधी मृत्यूची नोंद शोधा. माणूस हयात नसला तर त्या बातमीत मुलांची, नातवंडांची आणि चर्चची नावं असतात. चर्च फार महत्त्वाचं, कारण सोल गाणारे कितीतरी जण नंतर गॉस्पेलकडे, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांकडे, परतले. आणि नुसतं 'वारले म्हणे' यावर थांबू नका. जॅकी शेन ही नॅशव्हिलची गायिका, ट्रान्स स्त्री, टोरंटोत १९६० च्या दशकात गाजली, १९७१ मध्ये गाणं सोडून दिसेनाशी झाली आणि लोकांनी ती गेली असंच धरलं. ती नॅशव्हिलमध्ये शांतपणे राहत होती. २०१७ मध्ये तिचा संग्रह निघाला, ग्रॅमीचं नामांकन मिळालं, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत ती गेली.

पहिल्यांदा फोन नको, पत्र पाठवा. साधं, हाताने लिहिलेलं, सोबत लेबलचा फोटो आणि तुमचा नंबर. तुमच्याकडे टेप आहे का, रेकॉर्ड विकणार का, हे पहिल्या भेटीत तोंडातून काढू नका, या लोकांकडे असे विचारणारे खूप येऊन गेलेत. त्यांना फोन करायचा नसेल तर नसेल, तो त्यांचा हक्क. बोलायला तयार झाले तर आधी गाण्याबद्दल नाही, गल्लीबद्दल विचारा, शाळा कुठली, गायला कुणी शिकवलं, मग स्टुडिओ आपोआप येतो. रेकॉर्ड करायच्या आधी परवानगी घ्या. आणि जाताना त्यांच्या गाण्याची चांगली कॉपी घेऊन जा, मी ज्या पहिल्या आजोबांना भेटले त्यांच्याकडे स्वतःची एकही रेकॉर्ड नव्हती, त्यांनी पन्नास वर्षांत ते गाणं ऐकलं नव्हतं, त्यांची नात स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

त्यांना एक गोष्ट नक्की सांगा, २०१८ च्या कायद्यानंतर १९७२ पूर्वीच्या गाण्यांनाही डिजिटल रेडिओवरच्या वादनाचे पैसे मिळतात, ते साऊंडएक्सचेंज या पैसे गोळा करून वाटणाऱ्या संस्थेमार्फत येतात आणि त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. बऱ्याच जणांना माहीत नसतं. फॉर्म भरायला बसा त्यांच्यासोबत.

त्याच रात्री लिहून काढा

घरी आलात की झोपायच्या आधी सगळं लिहा, तारीख, जागा, कोण काय म्हणालं, आणि कागदावरून कळलेलं एका रंगात, आठवणीतून कळलेलं दुसऱ्या रंगात, कारण साठ वर्षांनी माणसं सालं चुकतात आणि नंतर तुम्हालाच कळत नाही काय कुठून आलं. लेबलचे स्कॅन आणि डेडवॅक्सचे नंबर डिस्कॉग्स आणि फोर्टीफाइव्हकॅट या रेकॉर्ड्सची माहिती जमवणाऱ्या वेबसाइटवर टाका. मुलाखतीचं रेकॉर्डिंग मात्र आधी घरच्यांना द्या, आणि त्यांनी हो म्हटलं तर गावच्या लायब्ररीला किंवा ब्लूमिंग्टनच्या इंडियाना युनिव्हर्सिटीत आफ्रिकन अमेरिकन संगीताचं जे आर्काइव्ह आहे तिथे विचारा.