केअर सेंटर बघायला जाताना नेमकं काय बघायचं (सांगली-साताऱ्याकडच्यांसाठी)

मिरजेला खुब्याचं ऑपरेशन होतं, नाहीतर पॅरालिसिसचा अटॅक येऊन पेशंट आयसीयूतनं कसाबसा बाहेर येतो, आणि चार दिवसांनी डॉक्टर म्हणतात की आमचं काम झालं, आता नर्सिंग आणि फिजिओ चालू ठेवा, उद्या परवा घरी न्या. मुलगा पुण्यात, लेक सासरी, घरी आजोबा एकटे, आणि आजींना कूस पण बदलता येत नाही. मग नातेवाईक दोन दिवसात पळापळ करून एखादं केअर सेंटर शोधतात आणि बहुतेक वेळा बिल्डिंग बघून, रिसेप्शन बघून नाहीतर नुसता महिन्याचा दर ऐकून हो म्हणतात. आमच्या घरातल्या आणि ओळखीतल्या पेशंटसाठी सांगली, मिरज, कराड, सातारा या भागातली बरीच सेंटर मी आतून बघितलीत, त्यातून जे कळलं ते सगळं एका ठिकाणी लिहितेय.

पहिल्यांदा माझं मत सांगते. सेंटरमधला जो पेशंट सगळ्यात जास्त दुसऱ्यावर अवलंबून आहे, ज्याला बोलता येत नाही, हलता येत नाही आणि ज्याला भेटायला फारसं कुणी येत नाही, त्याला कसं ठेवलंय तेवढं बघा. चालता बोलता पेशंट स्वतःचं मागून घेतो, पाणी पाहिजे म्हणतो, ओरडतो. ज्याला मागता येत नाही त्याची निगा ही त्या सेंटरची खरी निगा.

म्हणून बघायला जाल तेव्हा मालकांनी दाखवलेल्या स्पेशल रूमवर थांबू नका, आतला हॉल बघायचाय म्हणून सांगा. पेशंटच्या खाजगीपणासाठी सगळं दाखवता येत नाही हे बरोबर आहे आणि अंघोळीच्या वेळी आत सोडत नसतील तर ते चांगलंच लक्षण आहे, पण दारातनं एक फेरी मारायला काहीच हरकत नसते. नखं कापलेली आहेत का, ओठ कोरडे पडून सालं निघालीत का, जिभेवर पांढरा थर आहे का, डोळ्यांच्या कडा पुसलेल्या आहेत का, दाढी वाढलीय का. वास येतो का हा प्रश्न सगळेच विचारतात, पण डायपर नुकताच खराब झाला तर वास येणारच. सकाळी, दुपारी, संध्याकाळी कधीही गेलं तरी तोच लघवीचा वास गादीत मुरलेला असेल तर समजायचं. उलट फिनेल आणि रूम फ्रेशनरचा भपकारा येत असेल तरी मी जरा सावध होते.

बेडसोअरबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण बेडवरच्या पेशंटची काळजी जोखायला यापेक्षा चांगलं काही नाही. एकाच जागी दाब पडून तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि कातडी आतनं मरायला लागते. माकडहाड, टाचा, खुब्याची बाजू, कोपर, खांद्याचे फरे, डोक्याची मागची बाजू, या जागा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते, एअर बेड (हवा भरलेली, दाब बदलणारी गादी) असला तरी बदलावीच लागते, एअर बेड आहे म्हणून पेशंट सहा तास उताणा ठेवला तर त्या बेडचा काही उपयोग नाही. सुरुवात ओळखायची असेल तर लाल झालेल्या जागी बोटाने दाबून सोडा, दाबल्यावर तो लालपणा जात नसेल तर तिथं जखम सुरू झालीय. आपल्याकडं सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथं जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते का, टणक किंवा काळपट झालीय का ते हाताने बघायचं.

मालकांना सरळ विचारा, सध्या किती पेशंटना बेडसोअर आहे आणि त्यातले इथं आल्यावर किती जणांना झाले. "आमच्याकडं कुणालाच नाही" असं पटकन उत्तर आलं आणि आत दहा-बारा बेडवरचे पेशंट दिसत असतील तर मला ते खरं वाटत नाही. "दोघांना आहे, दोघं हॉस्पिटलमधनंच घेऊन आलेत, एकाची जखम भरत आलीय, हे ड्रेसिंगचं रजिस्टर" असं सांगणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो. आणि हो, आपला पेशंट ॲडमिट करताना पाठ, माकडहाड आणि टाचांचे फोटो तारखेसकट तिथल्या सिस्टरसमोरच काढून ठेवा, म्हणजे पुढं वाद होत नाही आणि त्यांना पण कळतं की घरचे लक्ष ठेवून आहेत.

आता स्टाफ. एकूण स्टाफ किती हे विचारून काही कळत नाही, रात्री किती आणि रविवारी किती ते विचारायचं. साधा हिशोब करा. बारा पेशंट पूर्ण बेडवर आहेत, एकाची कूस बदलून डायपर बघून चादर सरळ करायला दहा मिनिटं धरली तर बारा जणांचे १२० मिनिटं, म्हणजे दोन तास झाले, लगेच पहिल्यापासून परत सुरू. आणि वजनदार पेशंटला दोघं लागतात, एकट्या मावशींना ते जमतच नाही. मग रात्री एका मजल्यावर एकच मावशी आणि खाली एक ब्रदर असेल तर "दर दोन तासांनी कूस बदलतो" हे शक्यच नाही, कागदावर कितीही टिकमार्क असू देत. तो तक्ता मागून बघाच, आणि सकाळी नऊला गेल्यावर त्यात दुपारच्या खुणा आधीच झालेल्या दिसल्या तर तिथनं निघा.

सिस्टर म्हणजे कोण हेही विचारा. नाकातली नळी, लघवीची नळी, इन्सुलिन, सलाईन हे काम जीएनएम किंवा एएनएम (हे नर्सिंगचे कोर्स) झालेल्या आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला नोंदणी असलेल्या सिस्टरचं आहे. मावशी आणि मामा लोक फार कष्ट करतात, खरं सांगायचं तर सेंटर त्यांच्याच जीवावर चालतं, पण त्यांना कुणी शिकवलेलं नसताना नळीतनं भरवायला लावणं हे पेशंटवर आणि त्यांच्यावर दोघांवरही अन्याय आहे. जमलं तर मावशींशी दोन मिनिटं बोला, किती दिवस झाले इथं, पगार वेळेवर होतो का. सगळेच गेल्या महिन्यात आलेले असतील तर माणसं टिकत नाहीत, आणि माणसं टिकत नाहीत तिथं कुठल्या आजींना कुठल्या कुशीवर दुखतं हे कुणालाच माहीत नसतं. हाक कशी मारतात तेही ऐका, आजी, काकी, अण्णा म्हणतात का "ए तीन नंबर" म्हणतात.

जेवणाच्या वेळी, दुपारी बारा-एकला जा. नाकात नळी असलेल्या पेशंटला भरवताना बेडचं डोकं ३० ते ४५ अंश वर पाहिजे आणि भरवून झाल्यावर पण निदान अर्धा तास तसंच ठेवायचं असतं, झोपवून भरवलं तर पातळ जेवण फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. पॅरालिसिसच्या पेशंटला तोंडाने भरवत असतील तर घास गिळला का बघून पुढचा घास देतात का, का एका हातात मोबाईल धरून घाईघाईत चमचे कोंबतात. ताट पुढ्यात ठेवून निघून जायचं आणि वीस मिनिटांनी तसंच उचलून न्यायचं हे मी बघितलंय, आणि रेकॉर्डमध्ये "जेवण घेतले" लिहिलेलं असतं. त्यावर उपाय म्हणजे वजन. आल्या दिवशी वजन करायला लावा आणि दर महिन्याला विचारा, महिन्यात ५ टक्के उतरलं, म्हणजे ५० किलोच्या आजी साडेसत्तेचाळीसवर आल्या, तर ती डॉक्टरांना दाखवायची गोष्ट आहे, "वयामुळं होतं" म्हणून सोडायची नाही.

लघवीची पिशवी कायम पोटाच्या खालच्या पातळीला लटकलेली पाहिजे पण जमिनीला टेकलेली नको, आणि पेशंट हलवताना ती त्याच्या अंगावर ठेवत असतील तर लघवी उलटी आत जाऊन इन्फेक्शन होतं. म्हाताऱ्या माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं की कधीकधी ताप नसतोच, माणूस एकदम बरळायला लागतं, नाहीतर गप्प होतं. असं झालं तर तुम्ही काय करता, हे सिस्टरला विचारा. उत्तर "डॉक्टरांना कळवून लघवी तपासतो" असलं पाहिजे. "झोपेची गोळी देतो" असलं तर ती जागा नको.

झोपेच्या गोळ्यांचं मी फार मनापासून सांगते. दुपारी चार वाजता अख्खा हॉल गाढ झोपलेला असेल तर विचारा. पेशंट रात्री ओरडतो म्हणून गोळी चालू करणं, हात बेडला बांधून ठेवणं, हे कुठल्या डॉक्टरांनी लिहून दिलंय, कधी लिहून दिलंय, किती दिवसांसाठी, आणि घरच्यांना सांगितलं का, हे कागदावर पाहिजे. नळी ओढतात म्हणून थोडा वेळ हातमोजा घालणं वेगळं आणि माणूस कमी म्हणून दिवसभर बांधणं वेगळं.

फिजिओथेरपीच्या नावावर पैसे सगळेच घेतात. पॅरालिसिसनंतर पहिल्या तीन महिन्यात सुधारणा सगळ्यात भराभर होते, ते दिवस वाया गेले तर परत येत नाहीत, त्यामुळं "रोज फिजिओ आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. कोण येतं, बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालेत का, राज्याच्या फिजिओथेरपी कौन्सिलची नोंदणी आहे का, एका पेशंटला किती वेळ देतात, आणि पुढच्या पंधरा दिवसात काय साधायचं ठरवलंय. चांगला फिजिओ सांगतो की आधी बेडच्या कडेला आधाराशिवाय बसवू, मग खुर्चीत, मग उभं. पाच मिनिटं हातपाय वरखाली करून जाणारा असं काही सांगू शकत नाही. आणखी एक गोष्ट गुपचूप बघा, पेशंटला बेडवरनं खुर्चीत घेताना लुळ्या हाताला धरून ओढतात का. त्या खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, ओढलं की खांदा निखळतो आणि पुढं महिनोन्‌महिने दुखतो. दंडाला न धरता कमरेला पट्टा लावून किंवा पाठीमागून आधार देऊन उठवत असतील तर तिथल्या लोकांना कुणीतरी नीट शिकवलंय.

संडास बाथरूम आत जाऊन बघा, पकडायला दांडे, न घसरणारी फरशी, खुर्चीचा संडास, आणि बेडशेजारची बेल. बेल नुसती बघू नका, दाबा, आणि कोण किती वेळात येतं ते बघा.

सांगलीकरांसाठी खास. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि २०२१ ला परत पूर आला. त्यामुळं सेंटर कुठं आहे, गावभाग, मारुती चौक, कर्नाळ रोडच्या बाजूला आहे का विश्रामबागेकडं उंचावर, आणि त्या वेळी तिथं पाणी आलं होतं का हे शेजारच्या दुकानात विचारा. तळमजल्यावरचे बेडवरचे पेशंट कधी हलवणार, कशातनं, कुठं, हे मालकांना सांगता आलं पाहिजे. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला आल्यावर हलवायला सुरुवात करतो म्हणणारे आणि "बघू त्या वेळी" म्हणणारे यात फार फरक आहे. साताऱ्यात पुराचं एवढं नाही पण पावसात लाईट जाते, ऑक्सिजन मशीन, सक्शन (घशातला कफ ओढायचं मशीन), एअर बेड सगळं लाईटवर, तर जनरेटर चालू करून दाखवा म्हणायचं आणि भरलेलं ऑक्सिजन सिलेंडर कुठं आहे ते बघायचं. लिफ्ट बंद पडली तर स्ट्रेचर जिन्यातनं वळतं का. रात्री दोनला त्रास झाला तर कोण डॉक्टर येणार, कुठल्या हॉस्पिटलला नेणार, १०८ ची वाट बघणार का स्वतःची गाडी आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. नर्सिंग होम म्हणून चालवत असतील तर महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायदा १९४९ खाली नोंदणी लागते, ते सर्टिफिकेट दर्शनी भागात लावलेलं पाहिजे आणि त्याची मुदत संपलेली नको. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद पण लावावी लागते. काही ठिकाणी नोंदणी नुसत्या वृद्धाश्रमाची किंवा ट्रस्टची असते आणि आत नळ्या घातलेले पेशंट ठेवलेले असतात, ते विचारून घ्या.

दर विचारताना महिन्याच्या आकड्यात काय काय येत नाही ते लिहून मागा. डायपर, हातमोजे, नळी बदलणं, ड्रेसिंग, ऑक्सिजन, डॉक्टर व्हिजिट, फिजिओ, रक्त तपासणी, हे सगळं वेगळं लावलं तर बिल कुठल्या कुठं जातं. डिपॉझिट परत कधी मिळणार आणि महिन्याच्या मधेच पेशंट नेला तर उरलेल्या दिवसांचं काय, हेही लिहून. मेडिक्लेमवर विसंबू नका, बहुतेक पॉलिसीत आराम, पुनर्वसन आणि नुसत्या देखभालीसाठीचं राहणं वगळलेलं असतं.

ठेवल्यावर पहिले पंधरा दिवस वेळ बदलून बदलून जा, घरातले लांब असतील तर गावातल्या भाच्याला, शेजाऱ्याला पाठवा, व्हिडिओ कॉलवर विसंबू नका कारण त्यात तोंड दिसतं, पाठ दिसत नाही. तक्रार असेल तर आधी सिस्टर इनचार्जशी शांतपणे बोला, मग मालकांना लेखी द्या आणि पोच घ्या. तरी ऐकत नसतील तर नोंदणी देणाऱ्या ऑफिसला कळवा, महापालिका हद्दीत असेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला. मारहाण, उपाशी ठेवणं असलं काही दिसलं तर ज्येष्ठांसाठीची एल्डर लाइन १४५६७ आहे, सकाळी ८ ते रात्री ८, आणि जीवावरचं असेल तर सरळ ११२. पैशाच्या फसवणुकीला जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं तक्रारीची फी नाही. आणि पेशंट दुसरीकडं हलवायचं ठरलं तर गोळ्यांचा तक्ता, ड्रेसिंगचं रजिस्टर, शुगर-बीपीच्या नोंदी, नळी शेवटची कधी बदलली ती तारीख, या सगळ्याच्या कॉपी हातात घेतल्याशिवाय गाडी बोलवू नका.